क्रीडामंत्री साहेब, आमच्या रिंगखालचा खड्डा कोण बुजवणार?

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार. मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन, टीवायला आहे. तुम्हाला वेळ कमी असतो माहितीये, म्हणून लगेच मुद्द्यावर येते.

गेल्या शनिवारी आम्ही नवीन मुलींची ट्रायल ठेवली होती. आमच्या आठ सिनिअर्स पास होऊन गेल्या, उरलो चौघी, आणि कोर्टवर उतरायलाच पाच लागतात. गेटवर कागद चिकटवले, एफवायच्या वर्गावर्गात जाऊन बोललो, तेव्हा कुठे नऊ जणी आल्या. त्यात एक गोवंडीची, चांगली पाच फूट नऊ इंच, पायात कॅनव्हासचे बूट, शाळेत फक्त कबड्डी खेळलेली. पहिल्याच रिबाउंडला, म्हणजे रिंगला लागून परत आलेला बॉल, तिने असा खेचून घेतला की मी आणि आमची पॉइंट गार्ड एकमेकींकडे बघतच राहिलो. सेंटर मिळाली, रिंगखाली खेळणारी उंच खेळाडू! दहा मिनिटांनी ती ले-अप मारून, म्हणजे रिंगजवळ उडी घेऊन बॉल टाकून, खाली आली ती नेमकी रिंगखालच्या खड्ड्यात. घोटा गेला. सहा आठवडे प्लास्टर. तिचे बाबा मला एवढंच म्हणाले, "बाळा, आता तिला बोलवू नकोस."

हा खड्डा आजचा नाहीये साहेब. कॉलेजला स्वतःचं कोर्ट नाही, आम्ही जवळच्या सार्वजनिक मैदानात खेळतो. 15 जानेवारीला, राज्य क्रीडा दिनाला, खाशाबा जाधवांच्या फोटोला हार घालून तिथल्या अधिकाऱ्यांनी माइकवरून सांगितलं होतं की पावसाच्या आत कोर्ट नवीन करून देतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर मी तीन अर्ज दिले, तिन्हींवर पोचेचा शिक्का आहे, उत्तर एकालाही नाही.

मी डोंबिवलीहून येते. पहाटेची लोकल, लेडीज डब्यात बॉल मांडीवर घेऊन बसायचं, उभ्या असलेल्या बायकांची बोलणी खायची, सातला कोर्टवर, दहाला लेक्चर. एसवायला असताना याच सिमेंटवर माझा गुडघा गेला, एमआरआयचे पैसे आईने भिशीतून काढले. तेव्हा मी कोणाला काही बोलले नाही, वाटलं आपलीच चूक. आता त्या मुलीला बघितल्यावर वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

2019 ला वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, दोन मॅच झाल्या होत्या, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. पहिल्या दिवशी हजारो शाळकरी मुलं बसवली होती, त्यात नववीतली मी पण होते. ते चकचकीत लाकडी कोर्ट बघून मी ठरवलं की हेच खेळायचं. आमच्या बसमधल्या मुलींपैकी आज खेळणारी मी एकटी उरलेय, बाकीच्या दहावीच्या क्लासला गेल्या त्या गेल्याच. मग कॉलेजमध्ये आम्ही खेळाडू शोधायचे ते कुठून? नागपाड्यात बघा, मस्तान वायएमसीएचं कोर्ट वस्तीतच आहे म्हणून तिथे पिढ्यान्पिढ्या पोरं तयार झाली, त्यांना कोणी कागद चिकटवून बोलवलं नाही.

आणि पालकांना काय सांगायचं तेही सांगा. ते विचारतात, याचं पुढे काय? मी म्हणते, काका, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ते म्हणतात, ते तर बोगस सर्टिफिकेटवाले घेऊन जातात. यावर मी काय बोलू? खऱ्या घाम गाळणाऱ्यांनी कागद घेऊन ऑफिसं झिजवायची आणि खोट्यांनी नोकऱ्या घ्यायच्या, हे चालू देणारे कोण आहेत? इकडे 2036 चं ऑलिम्पिक भारतात आणायची भाषणं होतायत, पण आपला बास्केटबॉल संघ ऑलिम्पिकला एकदाच गेलाय, 1980 ला मॉस्कोला, तोही पुरुषांचा. मुलींचा कधीच नाही.

मला मेडल नकोय साहेब. कोर्ट दुरुस्त करा आणि त्यावर छप्पर घाला, कारण ॲडमिशन जून-जुलैत होतात, म्हणजे मुंबईत नवीन मुली भर पावसातच शोधाव्या लागतात. आणि त्या मुलीच्या उपचाराचा खर्च कोण देणार ते लेखी कळवा, तिचे बाबा रिक्षा चालवतात.

येत्या शनिवारी सकाळी सातला परत ट्रायल आहे. खड्ड्याभोवती आम्ही खडूने गोल काढलाय, पण तो पहिल्या सरीतच वाहून जातो.

आपली,
एक कॅप्टन