साताऱ्याहून शिरवळपर्यंतचं पेट्रोल

सांगली, ८ जानेवारी २०२६

चि. निखिलास अनेक आशीर्वाद.

रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च करात वजा मिळावा म्हणून पेट्रोलच्या पावत्यांचा गठ्ठा एचआरकडे द्यायचा का, असं तू फोनवर विचारलंस. देऊ नकोस. घरून कामावर जाण्यायेण्याचा खर्च नोकरदाराला उत्पन्नातून वजा करता येत नाही, जुन्या करप्रणालीत नाही आणि नव्यातही नाही. कायद्याच्या लेखी तुझं काम शिरवळला कंपनीच्या गेटवर सुरू होतं. साताऱ्यात राहून रोज खंबाटकी घाट ओलांडायचा की शिरवळलाच खोली घ्यायची हा तुझा घरचा निर्णय, म्हणून त्याचा खर्चही घरचाच. वजावटी कंपनीला कळवायचा फॉर्म १२बीबी उघडून बघ, त्यात घरभाडं आहे, एलटीए (रजेतल्या प्रवासाचा भत्ता) आहे, गृहकर्जाचं व्याज आहे. पेट्रोलला रकानाच नाही.

पूर्वी महिना १,६०० रुपयांपर्यंतचा वाहतूक भत्ता करमुक्त होता. १ एप्रिल २०१८ पासून ती सवलत गेली आणि ती व औषधोपचाराची सवलत यांच्याऐवजी ४०,००० रुपयांचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून सरसकट वजावट, आलं. आज ते जुन्या प्रणालीत ५०,००० आणि नव्यात ७५,००० आहे, आणि कुठलीही पावती न दाखवता मिळतं. पगारपत्रकात ‘कन्व्हेयन्स’ची ओळ मात्र अजून छापली जाते. तिथेच पुष्कळजण चुकतात. घर ते ऑफिस यासाठी दिलेला भत्ता, नाव काहीही असो, करपात्रच. अंध, मूकबधिर किंवा पायांनी अपंग कर्मचाऱ्यांना तेवढी महिना ३,२०० ची सूट राहिली आहे, आणि ती दोन्ही प्रणालींत मिळते.

आता तुझा हिशोब. जाऊन येऊन १२० किलोमीटर, वर्षाला २५० दिवस, म्हणजे ३०,००० किलोमीटर. लिटरला १८ चं अॅव्हरेज आणि १०५ रुपये भाव धरला तर पावणेदोन लाखांचं पेट्रोल. रक्कम मोठी आहे, वजा मिळावी असं वाटणारच. पण तुझा पगार साडेअकरा लाख. नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाऊन उरतात १०,७५,०००, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७एच्या सवलतीमुळे कर शून्य. म्हणजे पेट्रोल वजा मिळालं असतं तरी तुझा एक रुपया वाचला नसता. उलट सवलतींच्या आशेने जुन्या प्रणालीत गेलास तर ५०,०००, व्यवसाय कराचे २,५०० आणि ८०सीचे (पीएफ, विमा वगैरेंचे) पूर्ण दीड लाख वजा करूनही ९,४७,५०० उरतात; त्यावर सेससह १,०६,०८० रुपये कर. घरभाड्याची सूट त्यातले काही हजार कमी करेल, एवढंच.

कामाच्या वेळातला प्रवास वेगळा. कंपनीने तुला शिरवळहून चाकणला पुरवठादाराकडे पाठवलं, तर त्या कामासाठी मिळालेला भत्ता प्रत्यक्ष खर्चाइतका करमुक्त आहे, नव्या प्रणालीतसुद्धा. त्यासाठी तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, कोणाकडे आणि कशासाठी हे त्याच दिवशी लिहून ठेव, फास्टॅगचं स्टेटमेंट जोड. सकाळी घरूनच थेट जाणार असशील तर दौऱ्याचा आदेश आदल्या दिवशी मेलवर घे. साताऱ्याचे किलोमीटर त्यात घुसडू नकोस. टोलच्या वेळा आणि हजेरी जुळली नाही की सगळाच क्लेम अडतो.

कंपनीची बस मिळत असेल तर तीच घे. मालकाने दिलेल्या वाहनातून घर ते कामाची जागा हा प्रवास पगाराव्यतिरिक्तचा लाभ धरला जात नाही, त्यावर कर लागत नाही. खरी कायदेशीर सोय हीच.

इलेक्ट्रिक गाडीचं म्हणशील तर तिच्या कर्जावरच्या व्याजाची ८०ईईबीची वजावट फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना, तीही जुन्या प्रणालीत. शोरूममध्ये कोणी वेगळं सांगितलं तर मंजुरीची तारीख विचार.

टोलवर मात्र नक्की वाचतं. फास्टॅगचा वार्षिक पास २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झाला; तो चालतो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. आनेवाडीच्या टोलनाक्यावर जाताना एक, येताना एक, म्हणजे तुझा पास १०० कामाच्या दिवसांत संपेल आणि वर्षाला अडीच पास लागतील. तरी त्या भावाने एका वेळेचे १५ रुपयेच पडतात. राजमार्गयात्रा अॅपवरून चालू कर; फास्टॅग काचेला नीट चिकटवलेला आणि गाडीच्या नंबरवर नोंदलेला हवा, नुसत्या चॅसिस नंबरवर चालत नाही.

आणि एक, बाळा. रिफंडच्या टक्केवारीवर रिटर्न भरून देणारे कलम १०(१४) खाली, म्हणजे कामासाठीच्या भत्त्यांच्या सवलतीत, खोटा ‘कन्व्हेयन्स’ टाकून देतात. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. खोटी माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे, आणि नोटीस येते ती तुझ्या पॅनवर, त्यांच्या नाही.

एचआरच्या पोर्टलवर तुझ्यासाठी नवी प्रणालीच निवडलेली आहे ना, ते आज बघून घे. नसेल तर पगारातून कापलेला कर (टीडीएस) रिटर्न भरताना प्रणाली बदलून परत मागता येईल; रिटर्न मात्र मुदतीतच भर.

तुझी,
आई