चि. बाळास, ठाण्याहून

चि. बाळ,

जय ख्रिस्त.

परवा फोनवर तू पुन्हा तोच विषय काढलास, की मी आता ज्येष्ठांच्या संकुलात राहायला जावं. घोडबंदर रोडच्या त्या ज्येष्ठांच्या संकुलाचं माहितीपत्रक मी नीट वाचलं. लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, जेवण वेळेवर. पण तिथे मला कुणी काही काम सांगणार नाही, आणि माझं घोडं तिथेच अडतं.

तुमच्या इंग्लंडने 2018 मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला म्हणे. आपल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तर एकट्या पडलेल्यांवरून अगदी सुरुवातीलाच कुरकुर झाली होती. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढून बघ. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी तक्रार आली, तेव्हा त्या कामासाठी सात माणसं नेमली. ‘प्रार्थना करू’ म्हणून कुणाला वाटेला लावलं नाही. चर्चच्या पंचकमिटीत मी हे ऐकवते, तेव्हा पाळकसाहेब हसतात आणि सेक्रेटरी घड्याळ बघतात.

तुझे पप्पा गेल्यावर भगिनी मंडळाने माझ्या हातात एक वही दिली. रविवारी कोण आलं नाही ते लिहायचं आणि सोमवारी फोन करायचा. फोनवर आधी गुडघा येतो, मग शुगर, मग सून. त्यानंतर जरा गप्प बसायचं, म्हणजे खरं काय ते कळतं. वागळे इस्टेटमधून फिटर म्हणून रिटायर झालेले एक काका मात्र ‘मी बरा आहे’ म्हणायचे आणि फोन ठेवायचे. बायको गेल्यापासून त्यांनी उपासनेला येणंच सोडलं होतं. शेवटी मी देवाधर्माचं नावच काढलं नाही. म्हटलं, काका, डावीकडचे बाक इतके कुरकुरतात की उपदेश ऐकू येत नाही. शनिवारी पाना-पक्कड घेऊन हजर! बाक केव्हाच ठीक झाले. आता ते पंख्यांना तेल देतात, पेटीचा भाता बघतात, आणि रविवारी मागच्या बाकावर बसून उपदेशात डुलकी काढतात. काढू देत. घरी एकट्याने काढण्यापेक्षा बरी.

बुधवारी एखाद्या एकट्या आजींकडे घरप्रार्थना असते. ज्या दाराची बेल एरवी दूधवाल्याशिवाय कुणी वाजवत नाही, तिथे जिन्यापर्यंत चपला. दोन गीतं, वचन, लिंबूसरबत. समोरच्या बिऱ्हाडातली बाई दार किलकिलं करून बघते, आणि पुढच्या वेळी जिन्यात आजींची चौकशी करते. हा फायदा आम्ही योजला नव्हता.

सगळं गोड आहे असं समजू नकोस. अंत्यविधीला अख्खी मंडळी लोटते, महिन्याने कुणी फिरकत नाही. आजाऱ्यांकडे पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे विधीची भाकर आणि द्राक्षरस, घेऊन जातात. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चला जाणारी माझी मैत्रीण सांगते, त्यांच्याकडेही हेच, कम्युनियन म्हणून, घरी देतात. पण ते दहा मिनिटांचं, उरलेला दिवस कोण भरणार? आणि 2020 च्या लॉकडाऊनमध्ये उपासना मोबाइलवर आली, ती काहींच्या घरी कायमचीच बसली. त्या वेळी सोय होती, कबूल. आता मात्र मोबाइलवर ‘आमेन’ आलं की आम्ही माणूस हजर धरतो. पायाला आलेली सूज त्यात दिसत नाही.

तू नाताळला येतोयस ना? कोपरीला एक आजी तिसऱ्या मजल्यावर राहतात, इमारतीला लिफ्ट नाही. त्यांना 25 डिसेंबरच्या उपासनेला यायचंच आहे. हाताची लाकडी खुर्ची मी बघून ठेवली आहे, उचलायला तिघे तयार आहेत. फिटर काकांची कंबर धरते, त्यांना सांगता येत नाही. चौथ्या जागी तुझं नाव लिहिलंय. तिकीट 23 पर्यंत पोहोचशील असं काढ, आणि त्या दिवशी गुळगुळीत तळाचे बूट घालू नकोस, जिना अरुंद आहे.

तुझी,
आई