खेळाडू मुद्दाम हरत नाहीत

महोदय,
फुटबॉल संघ ओळीने हरू लागला की ‘प्रशिक्षकाला घालवायला खेळाडूच मुद्दाम हरतात’ अशी चर्चा सांगली-मिरजेच्या कट्ट्यांवरही रंगते. दाखला हमखास चेल्सी या इंग्लिश क्लबचा. मे २०१५ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकलेला हा संघ डिसेंबरात सोळाव्या स्थानावर घसरला, प्रशिक्षक मोरिन्यो यांची हकालपट्टी झाली आणि पुढच्याच सामन्यात संघाने संडरलंडला ३-१ असे हरवले. २०१७ मध्ये प्रशिक्षक रानिएरी यांना काढल्यावर लेस्टर या क्लबनेही लिव्हरपूलला ३-१ नेच नमवले. तरीही मला हा आरोप पटत नाही. मुद्दाम हरायचे तर खेळाडूचे संघातले स्थान आणि पुढचा करारही पणाला लागतो. शिवाय नवा प्रशिक्षक कोणाला बाकावर बसवेल, याचा काय भरवसा?

मैदानावर मुलांना शिकवताना मी वेगळेच पाहतो. सगळ्यांदेखत खडसावलेला विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारा) चेंडू गमावल्यावर मागे धावतो खरा, पण दोन पावले उशिरा. तेवढ्यात गोल होतो. ही लबाडी नव्हे, त्याचे मन उडालेले असते. अशा पोरांना गद्दार म्हटलेले ऐकवत नाही. क्लबचे मालक मात्र पराभवांची रांग लागेपर्यंत ड्रेसिंग रूममध्ये डोकावतही नाहीत.

— एक फुटबॉल प्रशिक्षक, मिरज (जि. सांगली)