छोट्या लाईनवरचं आपलं स्टेशन

नागपूर, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार,

बाबा, दर फोनला तुमचा एकच प्रश्न, "स्टेशन उभं आहे का रे अजून?" आणि मी दर वेळी "असेल" म्हणून उडवून लावतो. आज जाऊनच आलो. उभं आहे. म्हणजे भिंती तरी आहेत. कवेलू निम्मे गेले, दारं-खिडक्या कोणीतरी चौकटीसकट नेल्या, आणि तुम्ही गाडीची वाट पाहत बसायचे त्या शेडमध्ये तणसाचा ढीग लागलाय. त्यावर एक बकरी बसली होती. तिने मला पाहिलं, पण उठायची तसदी घेतली नाही.

तिकिटाची खिडकी मात्र आहे तशीच. खिडकी कसली, भिंतीतलं भोक. त्याच्या खालचा दगड मधोमध खोलगट झालाय. इतकी वर्षं लोकांनी एकाच जागी चिल्लर सरकवली ना! मी बोट फिरवून पाहिलं, कडा खरखरीत आणि मधला भाग पाट्यासारखा गुळगुळीत. फलाट तर घोट्याएवढाच. मला लहानपणी तो केवढा उंच वाटायचा.

तुम्ही पोरांना सांगता की इंग्रजांनी खेड्यातल्या लोकांच्या सोयीसाठी ही गाडी काढली. बाबा, रागावू नका, पण सोय कंपनीची होती. नागपूरला मुंबईकडून मोठी गाडी आली १८६७ मध्ये. नागपूर-नागभीडची ही आपली लाईन बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने सुरू केली १९०८ मध्ये, म्हणजे चाळीसेक वर्षांनी. आणि तीही अडीच फुटी. मोठ्या लाईनीचे रूळ साडेपाच फुटांवर, आपले त्याच्या निम्म्याहूनही कमी. रूळ हलके, पूल लहान, जमीन कमी लागते, वळणं जास्त तीव्र घेता येतात. जिथे फार कमाई होणार नाही तिथे स्वस्तात काम भागवायचं, असा हिशेब. त्याची किंमत मग नागपूरच्या इतवारी स्टेशनात मोजावी लागायची. छोट्या डब्यातलं पोतं उतरवा, पाठीवर घ्या, मोठ्या डब्यात चढवा. रूळ जुळत नाहीत म्हणून माणसाची पाठ मोडायची.

आई, तुझी मिरचीची गोष्ट आठवली. भिवापूरला पोती चढली की अख्खा डबा शिंकायला लागायचा आणि तू माझ्या तोंडावर पदर धरून उमरेडपर्यंत बसायचीस. त्या मिरचीला आता जीआय मानांकन आहे बरं का, म्हणजे ती त्याच भागाची असा सरकारी शिक्का. शिंकणाऱ्यांना काही मिळालं नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरात लाईन बंद झाली तेव्हा बाबा दोन दिवस गप्प होते आणि तू म्हणालीस, "बरं झालं, मोठी येऊ दे." मला तेव्हा तुझा राग आला होता. आज त्या शेडमध्ये उभा राहिलो तर तुझंच पटलं. पाणी नाही, संडास नाही, गाडी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि कडेवर मी. गोंदिया-चांदा फोर्टची लाईन नव्वदच्या दशकातच मोठी झाली, आपलीच तेवढी तशी राहिली होती. फक्त गाडी बंद करून लोकांना वर्षानुवर्षं एसटीच्या भरवशावर सोडलं, ते मला अजूनही पटत नाही.

गेल्या महिन्यात पोरांना मोतीबागेतल्या नॅरोगेज, म्हणजे छोट्या लाईनीच्या, म्युझियमला नेलं होतं. धाकटा इंजिनाशेजारी उभा राहून म्हणतो, "हे तर खेळण्यातलं आहे!" तुम्ही असता तर त्याला तासभर ऐकावं लागलं असतं.

गुरं चारणारे एक म्हातारबाबा तिथे भेटले. मी फोटो काढतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं मी मोजणीवाला. "पाडता का साहेब आता हे?" मी नाही म्हटलं. "मंग कायले आले?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमचं नाव सांगितलं तर म्हणाले, "मास्तरचा पोरगा का? तुहा बाप धावत यायचा, गाडी हालली का मंग."

आणि हो. घरापासून स्टेशनपर्यंत रोज दोन कोस चालत जायचो, असं तुम्ही आम्हाला आणि आता नातवंडांना सांगत आलात. आज गाडीच्या मीटरवर पाहिलं, सव्वा दोन किलोमीटर भरलं. पोरांना अजून बोललो नाही. दिवाळीत याल तेव्हा तुमचं तुम्ही निस्तरा.

तुमचा,
बाळू