तक्रार : टूलटिप माउसचा क्लिक गिळते

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या यूआय लायब्ररीतील टूलटिपचे माउस इव्हेंट

महोदय,

आपल्या यूआय लायब्ररीचा, म्हणजे स्क्रीनवरचे तक्ते, बटणे, टूलटिप असे तयार भाग देणाऱ्या संचाचा, सशुल्क परवाना घेऊन मी नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर बनवतो. बिलाच्या ग्रिडमध्ये (तक्त्यात) रकमेच्या खान्यावर माउस थांबला की अडत, हमाली, तोलाई अशी फोड टूलटिपमध्ये, म्हणजे तिथेच उघडणाऱ्या छोट्या चौकटीत, दिसते. वरच्या ओळींत काही अडचण नाही. तळाच्या ओळींत मात्र स्क्रीनवर खाली जागा उरत नाही, म्हणून आपली टूलटिप वर सरकते आणि नेमकी कर्सरखाली येऊन बसते. मग खान्याला ‘लीव्ह’ इव्हेंट (माउस बाहेर गेल्याची सूचना) मिळतो, टूलटिप मिटते. माउस पुन्हा खान्यावर आला म्हणून ‘एंटर’ मिळतो, ती परत उघडते. हात न हलवता हे लुकलुकणे चालूच राहते.

लुकलुकणे एकवेळ सोसता येईल. पण त्या वेळी केलेला क्लिक टूलटिपकडे जातो आणि तिथेच विरतो. निवड आधीच्याच ओळीवर राहते. आंबिया बहाराच्या संत्र्यांची आवक जोरात असताना मुनीम स्क्रीनकडे निरखून बघत बसत नाही. क्लिक केला, डिलीट दाबले, आणि भलत्याच शेतकऱ्याची नोंद उडाली. “भाऊ, तो पिवळा डबा क्लिक खाऊन टाकते न!” असे त्याने मला सुनावले. त्याचे निदान बरोबर होते.

आपल्या तंत्रसाहाय्य विभागाने टूलटिपचा विलंब वाढवायला सांगितले. त्याने लुकलुकणे सावकाश होते, एवढेच.

यावर तोडगा जुनाच आहे. विंडोजच्या टूलटिप कंट्रोलला ‘टीटीएफ_ट्रान्सपरंट’ हा फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करायचा पर्याय, आहे. तो दिला की टूलटिपवरचे माउस संदेश मूळ विंडोकडे जातात. क्यूटी या यूआय लायब्ररीमध्ये ‘डब्ल्यूए_ट्रान्सपरंटफॉरमाउसइव्हेंट्स’ आहे, वेबपानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये ‘पॉइंटर-इव्हेंट्स : नन’. आपल्या लायब्ररीत असे काहीही नाही, आणि टूलटिपची विंडो बाहेरून हाती लागत नसल्याने मलाही ते बसवता येत नाही. पैसे देऊन घेतलेल्या मालात ही उणीव मला तरी पटत नाही.

घाईघाईने प्रत्येक टूलटिप माउससाठी पारदर्शक करून मोकळे होऊ नका, हेही सांगतो. अपंगांनाही वेब वापरता यावे म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी 2.1 या मार्गदर्शक तत्त्वांमधला 1.4.13 हा निकष म्हणतो की, माउस नेल्यावर उघडलेल्या मजकुरावर कर्सर नेता आला पाहिजे आणि माउस न हलवता तो मजकूर बंदही करता आला पाहिजे. स्क्रीन मोठी करून वाचणाऱ्यांना याची गरज पडते. म्हणून प्रत्येक टूलटिपसाठी निवड करता यावी : माउस आरपार जाऊ द्यायचा की धरायचा. एस्केप दाबल्यावर ती दोन्ही प्रकारांत मिटावी. आणि तळाशी जागा नसेल तेव्हा तिने कर्सर सोडून बाजूला उघडावे.

दुरुस्त आवृत्ती कधी मिळेल ते 15 दिवसांत लेखी कळवावे. जमत नसेल तर परवान्याच्या उरलेल्या मुदतीची रक्कम परत करावी. दोष दाखवणारा छोटा नमुना प्रोग्राम सोबत जोडला आहे; तो चालवून माउस शेवटच्या ओळीवर न्या.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक
नागपूर