पोटातलं पाणी: ‘परत भरणारच’ म्हणून काढायचं नाही?

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला पोटात पाणी होण्यावरचा लेख वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते. कॅन्सर पसरलेल्या रुग्णानेही मीठ बंद करावं, पाणी मोजून प्यावं आणि सुईने पाणी काढणं ‘शक्यतो टाळावं’? सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत निबर होण्याच्या आजाराच्या, रुग्णाचं पथ्य लेखकाने सरसकट सगळ्यांच्या गळ्यात मारलं आहे.

माझ्या आईला अंडाशयाचा कॅन्सर होता. पोटाची कातडी ताणून चकाकायची. दोन घासांत पोट भरायचं, आडवं पडलं की धाप लागायची. रात्र रात्र ती उशांना टेकून बसलेली असायची. डॉक्टर लघवीच्या गोळ्या वाढवत राहिले. पाणी काढा म्हटलं की उत्तर ठरलेलं, “परत भरणारच.” गोळ्यांनी पोट तसूभर उतरलं नाही, उठलं की चक्कर मात्र येऊ लागली. त्यात अळणी जेवण. होती नव्हती तेवढी अन्नावरची वासनाही गेली.

यकृतात गाठी होऊन तिथल्या शिरांमधला दाब वाढला असेल, तर या गोळ्यांचा काही उपयोग होतो. पोटाच्या अस्तरावरच कॅन्सर पसरला असेल, तर फारसा होत नाही. त्या पाण्यातलं आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ताडून पाहिलं की पाणी कशामुळे झालंय याचा बराच अंदाज येतो. लेखात याबद्दल अवाक्षर नाही.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत जागा पाहून, तेवढ्यापुरती भूल देऊन नळी घातली. पिवळसर पाणी पिशवीत उतरत गेलं आणि आई म्हणाली, “अगं, पाय पोटाशी घेता येतायत.” त्या रात्री ती कुशीवर झोपली. पाणी परत भरलं, परत काढलं. एका वेळी ५ लिटरपर्यंत पाणी काढणं बहुतेकांना झेपतं. सारखंच भरत असेल तर त्वचेखालून कायमची नळी बसवून घरीही काढता येतं. त्या नळीतून जंतुसंसर्ग होतो, नळी तुंबते, हे धोके जरूर छापा. पण अशी सोय असते हे आधी छापा! आम्हाला ते कळलं तेव्हा आईची तब्येत त्यापलीकडे गेली होती.

त्याच पानावर ‘सुईविना पोटातलं पाणी घालवा’ अशी जाहिरात आहे. अशा जाहिराती घेणं बंद करा. आणि लेखातली चूक त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे, पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या.

– एक वाचक