पैसे बँकेतूनच पाठव

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू रागाने फोन ठेवलास, म्हणून लिहितो आहे. पहिल्या पगारातले पैसे घरी पाठवतो म्हणालास तेव्हा तुझ्या आईने आधी देवापाशी दिवा लावला, मग शेजारी सांगून आली. मलाही भरून आलं. पण तिथे जर्मनीत मित्राला युरो द्यायचे आणि त्याचा माणूस मला अमरावतीला रोख देणार, हे नको रे. तो हवालाच झाला, परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाही.

बँकेच्या मॅनेजरसाहेबांकडून सगळं लिहून आणलंय. पासबुकावरचा आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, देशातल्या देशात चालतो. परदेशातून रक्कम यायला स्विफ्ट कोड लागतो, त्यालाच बीआयसी म्हणतात. तो ८ नाहीतर ११ अक्षरांचा. पहिली चार अक्षरं बँकेची, मग दोन देशाची, दोन ठिकाणाची. ११ असतील तर शेवटची तीन शाखेची. आपल्या गावच्या शाखेला स्विफ्ट नाही, म्हणून मुंबईच्या शाखेचा टाकायचा. खाते क्रमांक आणि आयएफएससी मात्र आपलाच. आयएफएससीत पाचव्या जागी शून्य असतो, ओ नाही. मी त्यावर आडवी रेघ मारलीय. जर्मनीतला फॉर्म आयबान, म्हणजे तिकडच्या पद्धतीचा खाते क्रमांक, मागेल. तो आपल्याकडे नसतो, खाते क्रमांकच द्यायचा. नाव पासबुकावर आहे तसंच, आजोबांच्या नावासकट. कारण विचारलं तर घरखर्च लिही. मधल्या बँकेने थोडे कापले तर कापू दे. त्या माणसापेक्षा ते बरं.

सातवीत होतास. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीत कापूस सोळा किलो कमी लिहिला होता, तो तू काट्यापाशी सगळ्यांसमोर दाखवलास. घरी येताना बंडीत मी तुला मांडीवर घेतलं होतं, एवढा मोठा झालेला तरी. तोच पोरगा आज अनोळखी माणसाच्या हाती पैसे कसे देतो?

पुन्हा बोलायला लागलो, रागावू नको. तू शहाणा आहेस. पण उद्या त्या माणसाला पोलिसांनी धरलं आणि तुझं नाव निघालं तर? व्हिसाचं काय? आई विचारते, तिला मी काय सांगू?

पैशाची घाई नाही. तूर निघाली की कृषी केंद्राची उधारी फिटते. आधी तुझं घरभाडं दे, नीट जेव.

त्या मित्राला अजून काही दिलं तर नाहीस ना? आजच फोन कर.

तुझे बाबा